मान्नाची सवय



आजच्या पहिल्या वाचनात इस्राएली लोकांनी विचारलेला प्रश्न अगदी छोटा आहे. सकाळी दव विरून गेले आणि रानातल्या भुईवर हिमकणांसारखे बारीक, पांढरे काहीतरी पसरलेले त्यांना दिसले. असे काही त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. ते एकमेकांना विचारू लागले, हे काय आहे? निर्गमच्या पुस्तकानुसार त्या प्रश्नावरूनच त्या अन्नाला मान्ना हे नाव पडले. म्हणजे पुढे चाळीस वर्षे हे लोक रोज सकाळी उठून 'हे काय आहे' गोळा करायला जात होते!

आज देवळात जो भाग वाचला गेला नाही, तो मात्र घरी गेल्यावर जरूर वाचावा. गणना, अध्याय ११. मिसर देश सोडून तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते. मान्ना तेच, देणारा देवही तोच. लोक ते जात्यावर दळत, उखळात कुटत, भांड्यात शिजवून त्याच्या पोळ्या करत. आता प्रश्न कोणी विचारत नव्हते, तक्रार करत होते. जिकडे पाहावे तिकडे हे मान्नाच, आमचा जीव सुकून गेला, असे त्यांचे म्हणणे. त्यांना मिसरातली मासळी आठवत होती, काकड्या, कांदे, लसूण आठवत होता. (आपणा वसईकरांनी त्यांना फार हसू नये. मासळी आणि कांदा नसेल तर आपणही चार दिवसांत मोशेच्या दाराशी जाऊ.)

आणि आजचे शुभवर्तमान पाहा. प्रभू येशूने पाच हजारांना भाकरी खाऊ घातल्या. दुसऱ्या दिवशी तेच लोक त्याला शोधत आले आणि विचारू लागले, आमचा विश्वास बसावा म्हणून तू कोणते चिन्ह दाखवतोस? मान्नाला वर्ष लागले होते, येथे एक रात्र पुरली.

ज्याचे काल नवल वाटले, ते आज अंगवळणी पडते. प्रवास लांबला की हे होणारच. आपल्या धर्मग्रामात असे घर शोधून काढावे लागेल, की ज्या घरातले कोणी आखातात नाही, बोटीवर नाही, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात नाही. म्हणून आज या सवयीविषयी थोडे बोलावे असे आम्हांला वाटते. त्यासाठी एका जुन्या प्रवाशाची गोष्ट सांगतो. तो आपला आहे, जरी जन्माने इंग्रज असला तरी.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपण 'ख्रिस्तपुराणा'मुळे जाणतो. इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. त्या काळी त्या देशात कॅथलिक म्हणून जगणेच कठीण होते. ते रोमला गेले, १५७५ साली येशूसंघात दाखल झाले आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून गोव्याकडे निघाले. २४ ऑक्टोबरला ते गोव्यात पोहोचले. साडेसहा महिने पाण्यावर! पोहोचल्यानंतर पंधरवड्याने, १० नोव्हेंबरला, त्यांनी लंडनमधल्या आपल्या वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले. ते पुढे इंग्लंडमध्ये प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले, म्हणून आज आपल्याला वाचता येते.

त्या पत्रात एका तरुण माणसाचे विस्फारलेले डोळे दिसतात. विषुववृत्तापाशी वारा पडतो आणि जहाज दिवसेंदिवस एका जागी थांबून राहते, ते लिहितात. पाण्यातून उसळून हवेत उडणारे मासे, मोठ्या मुशीच्या पुढेमागे चालणारे चिमुकले मासे, तिच्या अंगाला चिकटून राहणारे मासे, सारे त्यांनी टिपून ठेवले आहे. भारताचा किनारा जवळ आल्याच्या खुणाही त्यांनी दिल्या आहेत: आधी इकडचे पक्षी दिसले, मग पाण्यावर माडाच्या फांद्या तरंगताना दिसल्या, मग पोहणारे साप. आपल्या कोळी बांधवांना हे वाचून गंमत वाटेल. जाळ्यात आलेला साप आपण शिव्या घालून बाहेर फेकतो. त्या माणसाला तो साप पाहून कळले की देवाने आपल्याला जमिनीपर्यंत आणले.

गोव्यात उतरल्यावर ते वडिलांना लिहितात की युरोपात पाहिलेले एकही झाड मला येथे दिसले नाही, अपवाद फक्त द्राक्षवेलीचा, आणि तीही येथे काही कामाची नाही. तीस वर्षांचा माणूस. ज्याच्या सावलीत कधी बसला आहे असे एकही झाड नाही. घरापासून दूर राहिलेल्या कोणालाही हे वाक्य कळेल.

आता सदतीस वर्षे पुढे जाऊ. हा माणूस इंग्लंडला परत गेलाच नाही. गोव्यातल्या सासष्टीच्या गावांत तो राहिला, तिथल्या लोकांत मिसळला, कोकणी आणि मराठी शिकला. आरंभीची वर्षे सोपी नव्हती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीला पाच येशूसंघीय आणि त्यांच्याबरोबरचे इतर ख्रिस्ती लोक मारले गेले, आणि नंतर पोर्तुगीजांनी त्या गावच्या प्रमुखांना मारले. तोही आपल्या इतिहासाचा भाग आहे आणि तो लपवून ठेवण्यासारखा नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टीफन्स यांनी आपल्या भावाला पत्र लिहिले. इकडच्या भाषा कानाला वाईट लागत नाहीत आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळणारी आहे, असे त्यांनी त्यात कळवले. चार वर्षे झाली होती. कान उघडत होते.

१६१६ साली रायतूर येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. आरंभीच प्रसंग आहे की नव्याने ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्रीला म्हणतो, आमची जुनी पुराणे तर सुटली, आता आम्ही वाचावे काय? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा ग्रंथ. त्यात एके ठिकाणी ते मराठी भाषेची थोरवी गातात. ओव्या शाळेत अनेकांनी पाठ केल्या असतील, म्हणून येथे देत नाही. पण तुलना कशाकशाशी केली आहे ते आठवून पाहा. मोगरा. कस्तुरी. मोर. कल्पतरू. गोव्यात ज्याला ओळखीचे एक झाड दिसले नव्हते, त्याला सर्वांत सुंदर असे काही सांगायची वेळ आली, तेव्हा विल्टशरचा ओक आठवला नाही, गुलाब आठवला नाही. हाताशी मोगराच आला. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात, आणि ते शब्द त्यांच्या तोंडी उसने वाटत नाहीत.

हे कधी घडले असेल? मोगऱ्याचा वास पहिल्यांदा आला तेव्हा त्यांनी नक्कीच विचारले असेल, हे काय आहे? मग कोण्या दिवशी तो प्रश्न संपला. कदाचित एखाद्या आजारी म्हातारीच्या घरी, कदाचित मुलांना प्रार्थना शिकवताना. त्यांनाही तो दिवस सांगता आला नसता. १६१९ साली ते गोव्यातच वारले. त्यांची कोकणी प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, त्यांच्यामागे छापले गेले. देशोदेशी चाळीस वर्षे. इस्राएल लोकांइतकीच.

अशी सवय ही देवाची कृपा आहे, याबद्दल आम्हांला शंका नाही. परक्याची भाषा, परक्याचे झाड, परक्याचे दुःख आपले होणे. देवाचा पुत्र नासरेथला तीस वर्षे राहिला, तेव्हा त्यानेही मानवाच्या घरातल्या साध्यासुध्या गोष्टी अशाच आपल्या करून घेतल्या असतील.

पण स्टीफन्स यांच्या त्याच पहिल्या पत्रात दुसरीही एक ओळ आहे, आणि ती वाचल्यापासून आमच्या मनातून जात नाही. लांबच्या सागरी वाटेवर होणाऱ्या रोगाचे वर्णन ते करतात. हिरड्या सुजतात, त्या कापून काढाव्या लागतात, पाय सुजतात, हातपाय हलवता येईनासे होतात आणि माणूस अशक्तपणाने मरतो. आज आपण त्या रोगाला स्कर्व्ही म्हणतो. ताजी फळे आणि भाजी महिनोन्महिने न मिळाल्याने तो होतो, हे तेव्हा जहाजावरच्या लोकांना उमगले नव्हते. जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस मेली. पुढे ते लिहितात की इतर खेपांच्या मानाने हे नुकसान त्यांनी फारसे मानले नाही.

त्यांनी, म्हणजे त्या वाटेने नेहमी जाणाऱ्यांनी. सत्तावीस माणसे समुद्रात सोडली गेली, आणि जुन्या खलाशांच्या हिशेबात ती खेप बरी होती. ते खलाशी दुष्ट नव्हते. त्यांनी याहून वाईट खेपा पाहिल्या होत्या, एवढेच. नव्याने आलेल्या माणसाने मात्र आकडा लिहून ठेवला.

येथे आम्हांला आमच्याविषयीच एक गोष्ट सांगायची आहे. आम्ही काही भारतीय धर्मगुरू रोममध्ये शिकत होतो. राहत्या घरापासून बसथांब्याकडे जाताना एका जुन्या देवळाचा ओटा लागे. तिथे पुठ्ठे अंथरून एक माणूस झोपायचा. थंडीचे दिवस होते. पहिल्या आठवड्यात आम्हांला घास गोड लागेना. आम्ही त्याच्यासाठी पाव आणि गरम कॉफी नेली, एकाने आपला स्वेटर दिला, रात्री जेवणाच्या टेबलावर त्याच्याविषयीच बोलणे चाले. आपल्याकडची गरिबी पाहिलेली असूनही, पोप महोदयांच्या शहरात हे दृश्य आम्हांला सहन होईना.

प्रायश्चित्तकाळ येईपर्यंत काय झाले? त्याचे पाय कुठवर येतात हे आमच्या पायांना पाठ झाले होते. त्या वळणावर आम्ही थोडे डावीकडे सरकून, बोलणे न थांबवता पुढे जात होतो. मग एका सकाळी कोणाच्या तरी लक्षात आले की ओटा मोकळा आहे. समोरच्या कॉफीच्या दुकानात विचारले. दुकानदार म्हणाला, त्याला नेऊन बरेच दिवस झाले. कुठे नेले, जिवंत की कसा, त्याला माहीत नव्हते. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. त्याला शेवटचे कोणत्या दिवशी पाहिले हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. त्याचे नाव आम्ही कधी विचारलेच नव्हते. त्या सत्रात आमच्या अभ्यासाचा विषय नीतिशास्त्र होता, हेही सांगून टाकतो.

फादर स्टीफन्स यांना मोगऱ्याची सवय झाली, आम्हांला त्या माणसाची. दोन्हींना मराठीत शब्द एकच आहे. पण ते जवळ गेले होते, इतके जवळ की मोगरा पाहताना परका वाटण्याइतके अंतर उरले नाही. आम्ही पहिल्या आठवड्यात जिथे उभे होतो तिथून एक पाऊलही पुढे गेलो नव्हतो. फक्त डोळे थकले होते.

परदेशी असलेल्या आपल्या माणसांना या दोन्ही सवयी लागतात. आखातात गेलेला मुलगा पहिल्या महिन्यात रोज फोन करतो. उन्हाविषयी, पाण्यासारख्या दिसणाऱ्या वाळूविषयी, खोलीतल्या केरळच्या आणि फिलिपिन्सच्या मित्रांविषयी किती बोलू नि किती नाही असे त्याला होते. वर्षाने आई विचारते, काय नवीन? तो म्हणतो, काही नाही. यात वाईट काहीच नाही. तो तिथे रुळला, देवाचे आभार मानावेत. कुवेत-बहरीनमध्ये रविवार हा कामाचा दिवस, म्हणून रविवारचा मिस्सा शुक्रवारीही होतो. आपल्या लोकांनी तेही आपलेसे केले आहे. दुबई-अबुधाबीकडे २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी झाली, तेव्हा तिथून आलेला एक जण आम्हांला म्हणाला, फादर, आता रविवारी मिस्सेला जायचे म्हणजे काहीतरी चुकल्यासारखे वाटते! आम्ही पोटभर हसलो.

पण तोच पुढे आणखी एक बोलला. पहिल्या उन्हाळ्यात बांधकामावरच्या मजुरांची बस शेजारून गेली की तो तोंड फिरवायचा, कारण पाहवत नसे. काचेला टेकलेली ती डोकी. आता, तो म्हणाला, ती बस येते-जाते, आम्हांला दिसत नाही. हे त्याने आपण होऊन सांगितले, कोणी विचारले नव्हते. म्हणजे डोळे पुरते मिटलेले नाहीत.

आणि हे सांगायला परदेशी जायची तरी काय गरज? आपल्या देवळात मागच्या बाकांवर झारखंड-ओडिशाकडून आलेले काही तरुण बसतात. आपल्या गावातल्या इमारतींवर, वाड्यांतल्या कामांवर ते आहेत. त्यांना आपली वसई म्हणजेच परदेश. आपली भाषा, आपली भाकरी, आपला पाऊस, सारे त्यांच्यासाठी 'हे काय आहे' असे आहे. ते पहिल्यांदा आले, तेव्हा अनेकांनी माना वळवून पाहिले होते. आता कोणी वळून पाहत नाही. त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत, हे विचारायला आम्हांला संकोच वाटतो, कारण आम्हांलाही चारच ठाऊक आहेत.

अनुवादाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांना एक विलक्षण गोष्ट सांगतो. तुम्ही चाळीस वर्षे चाललात, पण तुमच्या अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत आणि तुमचे पाय सुजले नाहीत. स्टीफन्स यांच्या जहाजावर काही महिन्यांत पाय सुजून माणसे मेली. इकडे चाळीस वर्षे! आणि याचे नवल करणारा एकही शब्द आधीच्या सगळ्या पानांत कोणाच्या तोंडी नाही. समुद्र दुभंगला तेव्हा त्यांनी गाणी गायिली. न सुजलेल्या पायांवर गाणे कोणी रचले नाही. मोशेला शेवटी ते सांगावे लागले.

मिस्साबलिदानाचेही तसेच नव्हे का? पहिल्या कम्युनियनच्या दिवशी आपल्या मुलांचे चेहरे पाहा, मग आपले आठवा. पांढरे कपडे, हात जोडून, ओठ घट्ट मिटून परत जागेवर जाणारी ती मुले. आणि आपण? रांगेत चालताना गॅस बंद केला की नाही याचा विचार. आम्ही वेदीच्या या बाजूला आहोत, म्हणून आम्ही वेगळे आहोत असे समजू नका. तोच पाव रोज हातात घेणाऱ्याला मान्नाची सवय सर्वांत आधी लागते.

परमेश्वराला आपला हा स्वभाव पहिल्या दिवसापासून ठाऊक असावा. निर्गमच्या त्याच सोळाव्या अध्यायात, शेवटी, तो एक आज्ञा देतो. एक माप मान्ना बरणीत भरून पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवा, म्हणजे रानात मी तुम्हांला काय खाऊ घातले हे पुढच्यांना दिसेल. रोजचे मान्ना दुसऱ्या दिवशी किडायचे. बरणीतले तेवढे टिकले.

गेल्या वर्षी आपल्या गावातल्या एका मावशींनी घर आवरताना सापडलेली पत्रांची ट्रंक आम्हांला दाखवली. त्यांचे यजमान वीस-बावीस वर्षे आखातात होते. आता ते देवाघरी आहेत. निळ्या एअर लेटरांचे गठ्ठे, सुतळीने बांधलेले. बहुतेक पत्रांत दोनच ओळी: सर्व कुशल, पैसे पाठवले आहेत, मुलांना अभ्यास करायला सांग. तारीख बदलली की पत्र बदलले, एवढेच. पण सर्वांत खालचे, पहिले पत्र चारही कडांपर्यंत भरलेले होते. जागा संपली तेव्हा ते समासात उभे लिहीत गेले होते. समुद्र इथेही आहे पण त्याला आपल्या समुद्राचा वास नाही. खोलीत आठ जण आहोत, एकाला रात्री रडू येते, त्याचे नाव त्यांनी लिहिले होते. नाताळच्या रात्री कामावर होतो, देऊळ दूर, म्हणून गच्चीवर जाऊन एकट्यानेच आपले गाणे म्हटले, अर्धे आठवले, अर्धे नाही.

मावशींनी ते पत्र पुन्हा गठ्ठ्यात ठेवले नाही. घरातल्या वेदीवर, जपमाळेच्या डबीखाली ठेवले आहे. या नाताळला नातवंडे कॅनडाहून येणार आहेत, त्यांना ते वाचून दाखवायचे आहे. समासातली अक्षरे पुसट झाली आहेत, तेवढी लावून द्या, असे त्यांनी आम्हांला सांगून ठेवले आहे.